ढोलीत एकच स्टूल

रविवारी दुपारी तीनचा प्रयोग म्हणजे पावणेदोनला घरातून निघायचं, आणि त्याआधी नवऱ्याला बूट शोधून द्यायचे. एवढ्याशा कामाला आमच्याकडे अर्धा तास लागायचा.

"एतेल्का, माझे बूट कुणीतरी हलवलेत."

"हो ना, बुडापेस्टहून चोर आले होते, खास तुझे झिजलेले बूट न्यायला. पलंगाखाली बघ!"

हसू नका. दर रविवारी हेच.

माझा नवरा बोल्डिझार हा आमच्या ऑपेरेटा कंपनीचा, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकांच्या कंपनीचा, नायक. वय एकसष्ट, केस रंगवलेले. पण आवाज असा, की गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर सांधे शेकायला आलेल्या म्हाताऱ्या पहिल्या रांगेसाठी एकमेकींना कोपरं मारायच्या. कंपनी केवढी, तर दहा माणसं, एक पियानो आणि दोन व्हायोलिनं. सीझन दहा रविवारांचा, ऑपेरेटा एकच, 'हंसांचा बाजार'. आणि मी प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या काठाशी एक लाकडी टोपण असतं आणि त्याखाली खड्डा. आम्ही त्याला ढोली म्हणतो. खालून शिडीने चढायचं, स्टुलावर बसायचं, म्हणजे डोकं तेवढं रंगमंचाच्या पातळीला येतं. तिथे दुसरं माणूस मावतच नाही. मीच कशीबशी मावते, हे कबूल करते.

आमच्या कंपनीत प्रॉम्प्टर नुसती विसरलेली ओळ सांगत नाही. प्रत्येक ओळ गायकाच्या अर्धा श्वास आधी देते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तीस वर्षं मी त्याला असं घास घास भरवत आले. म्हणून तर मार्चमध्ये डॉक्टर जे म्हणाले ते कंपनीत कुणाला कळलंच नाही. त्याचं डोकं हळूहळू रिकामं होत होतं. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती, डॉक्टरांना, त्याला आणि मला. पुढे तो विसरला, मग दोघंच उरलो. दहा प्रयोग त्याची अब्रू झाकून पार पाडायचे आणि मग त्याला मानाने घरी बसवायचं, एवढंच माझं मागणं होतं. फार होतं का हो?

चौथ्या प्रयोगाला मला ठसका लागला. नेमका दुसऱ्या अंकातल्या मोठ्या गाण्याला! तोंडात रुमाल कोंबला, डोळ्यांतून पाणी, शब्द फुटेना. म्हटलं, झालं, आज सगळं उघडं पडणार. पण गडी थांबलाच नाही. तिन्ही कडवी एक अक्षर न चुकता गायला.

घरी जाताना म्हणतो, "आज किती छान दिलंस! घाई नाही, खेकसणं नाही."

"बोल्डी, मी खोकत होते!"

"छे, छे. मला स्पष्ट ऐकू आलं. गोड लागत होता तुझा आवाज."

तीस वर्षांत माझ्या आवाजाला कुणी गोड म्हटलं नव्हतं. म्हटलं तेही मी गप्प असताना! असं डोकं फिरलं म्हणून सांगू.

त्यानंतर त्याने माझ्याकडे बघणंच सोडलं. मी ओळ द्यायचे आणि तो बघायचा माझ्या डावीकडे, वीतभर बाजूला. गात मात्र असा होता, की मॅनेजर गेडेओन हात चोळत ढोलीशी आला.

"एतेल्काबाई, काय घालता हो याच्या सूपात? वीस वर्षांनी तरुण झालाय!"

"तुमचं डोकं घालते," मी म्हटलं.

घरी सगळं उलटं. सहाव्या रविवारनंतर त्याला थिएटरातून घरचा रस्ता सापडेना. आठव्यानंतर स्वतःच्या आईचं नाव गेलं. आवळा देऊन कोहळा काढावा तसं कुणीतरी त्याला एक एक गाणं देत होतं आणि घरातलं एक एक काढून नेत होतं. हे सांगणार कुणाला? गेडेओनला सांगावं तर आजार बाहेर पडणार.

नवव्या प्रयोगाला मी चिडून ठरवलं, आज तोंड उघडायचंच नाही. बघू कोण देतं याला ओळी! वही मिटली, हाताची घडी घातली. पियानो सुरू झाला.

आणि माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला.

शब्द नाही. नुसता श्वास... प्रत्येक ओळीच्या आधी, बरोबर अर्धा. आणि ओल्या चुन्याचा वास. मी मान वळवली नाही. सांगितलं ना, ढोलीत जागा नाही. वळवली असती तर माझं नाक कुणाच्या तरी गालाला लागलं असतं.

शेवटचा पडदा पडण्याआधी नायकाने वाकून ढोलीत हात घालायचा आणि प्रॉम्प्टरशी हस्तांदोलन करायचं, ही आमची रीत. त्या दिवशी त्याचा हात माझ्या नाकासमोरून डावीकडे गेला. बोटं मिटली. त्या बोटांचं मांस दबलेलं मी पाहिलं, पलीकडून कुणी घट्ट धरावं तसं.

घरी आल्यावर मी हळूच विचारलं, "बोल्डी, ढोलीत कोण असतं रे?"

"कोण म्हणजे? तू."

"आणि... माझ्या शेजारी?"

तो जरा विचारात पडला. "एक जाडी बाई असते. सारखी पुटपुटत असते. तू तिला काही बोलत का नाहीस?"

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. भीती वाटलीच, पण त्याहून संताप आला. तीस वर्षांचा संसार मी केला, बूट मी शोधले, औषधं मी दिली, आणि हा कुणाच्या तरी श्वासामागे निघाला! म्हटलं, एकच प्रयोग उरलाय. माझा नवरा आहे, मी सोडायची नाही.

दहाव्या प्रयोगाला पहिल्या ओळीपासून मी मोठ्याने दिलं. पहिली रांग चुळबुळायला लागली. नायिका फ्रुझिनाने डोळे वटारले. वटार बाई, म्हटलं. बोल्डी माझ्याकडे बघे, पुन्हा डावीकडे बघे, अडखळे. दुसऱ्या अंकातल्या गाण्यात मी चक्क ओरडले.

तो थांबला. पियानोही थांबला.

बोल्डी रंगमंचाच्या काठाशी आला, गुडघ्यावर वाकला आणि थेट माझ्याकडे बघत, परक्या बायकांशी बोलतो तसा अदबीने म्हणाला, "बाई, जरा गप्प बसाल का? मला माझ्या बायकोचं ऐकू येत नाहीये."

लोकांना वाटलं विनोद आहे. हशा झाला, टाळ्या पडल्या.

मी गप्प बसले. दुसरं काय करणार होते? तो शेवटपर्यंत गायला, आणि खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं सुंदर कधी गायला नव्हता. मी ढोलीत बसून रडले.

नंतर कितीतरी वेळ मला शिडी उतरवेना. उतरले तेव्हा तो निघून गेला होता. महिनाभर कोपऱ्यापर्यंत एकटा न गेलेला माणूस! धावत घरी आले. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. दार उघडं. जिन्यातच माशाच्या सूपाचा वास आला. सकाळी मी चूल पेटवली नव्हती.

टेबलावर सूपाच्या दोन खोलगट ताटल्या, दोन्हीतून वाफ निघत होती. एक अर्धी संपलेली. दुसरीसमोर बोल्डी बसला होता. मला बघताच तो घाईने उठला, कोटाची बटणं लावली.

"या ना बाई, बसा. बायकोकडे आलात का? आत्ताच उठलीय, मीठ आणायला."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. आत स्वयंपाकघरात फडताळाचं दार लागलं, आणि पावलं बाहेर यायला लागली.