खिंडीतली ओ

दिवा जरा पुढे सरकवा, तुमचं तोंड दिसू दे. बोलताना माणसाचं तोंड हलताना दिसलं की मला बरं वाटतं.

मी गेनबा, पुण्यात एका सरदाराच्या बागेतला माळी. शनिवारवाड्यावर नौबत झडायची, तेव्हाची गोष्ट. आमच्या सगुणाला तिसरं वर्ष सरत आलं तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी तिला खांद्यावर घेऊन हिंडायचो. काही हवं झालं की ती माझा डावा कान ओढायची. मी थांबायचो, ती बोट दाखवायची. माझं तेवढ्यावर भागत होतं. मैनेचं, तिच्या आईचं, भागत नव्हतं. तिला एकदा ‘आई’ ऐकायचं होतं.

म्हणून कात्रजच्या डोंगरातल्या देवीला नवस बोलायला निघालो. चढताना माझे पाय रेंगाळले की मैना म्हणायची, “चला हो, देवी म्हातारी व्हायच्या आत पोचू.”

नवस बोललो, भाकरी खाल्ली, सगुणा देवळाच्या सावलीत निजली. उन्हं कलली तशी तिला उचलून आम्ही उतरायला लागलो.

आमच्यात एक रीत आहे. लहान पोर परक्या रानात निजलं, तर निघताना आईनं पुढे होऊन त्याला नावानं हाक मारायची, म्हणजे त्याचा जीव मागे राहत नाही. पोर ज्याच्या अंगावर असेल, त्यानं त्याच्या वतीनं ओ द्यायची.

खिंडीत मैना पुढे झाली. “सगुणे, चल गं घरी!”

मी तोंड उघडायच्या आत ओ आली.

“आले गं आई...”

मैना रडत धावत आली. पोरीचे पाय छातीशी धरले. पण सगुणा गाढ झोपली होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. आवाज आला होता माझ्या पाठीमागून, करवंदीच्या जाळीतून. वारा पडला होता. निर्माल्य कुजल्यासारखा वास येत होता. मैनेचा चेहरा बघून मी तसाच पुढे चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मैना चुलीपाशून हसत ओरडली, “ऐकलंत का? भूक लागली म्हणते!”

सगुणा तेव्हा अंगणात माझ्या मांडीवर होती. तोंड मिटून.

पुढं नवस फेडायला परत गेलो. खिंडीत मी म्हटलं, “मैने, आज हाक नको मारूस...”

“का? पोर बोलायला लागली तर तुमच्या पोटात दुखतं?”

तिनं हाक मारली. या खेपेला मागून काही आलं नाही. खांद्यावरची पोर वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “आले गं आई.”

तोच आवाज. आणि मागे जाळीत कुणीतरी रडायला लागलं... “आं... आं...” सगुणा अशीच रडायची.

पोरीला मैनेकडे देऊन मी जाळीत शिरलो. हात रक्ताळेपर्यंत शोधलं. कुणी नव्हतं.

पुढं कैक वर्षांनी मैना सुखानं वारली. पोरगी गुणाची आहे, मला जपते, दिवसभर बोलत असते. माझा कान मात्र तिनं पुन्हा कधी धरला नाही.

अजूनही रोपं आणायला त्या वाटेनं जावं लागतं. जाळीपाशी आलो की डावा कान कुणीतरी हळूच ओढतं. मी थांबतो.

बोट कुठं दाखवलंय, तेवढं मला दिसत नाही.