भरलेला डबा, बसणारा ब्रेक

जीपचा ब्रेक दाबून धरला की पाय हळूहळू खाली जात होता. ब्रेक ऑइलचा डबा मात्र काठोकाठ भरलेला होता आणि जमिनीवर थेंबही पडलेला नव्हता. मग दाब जात होता कुठे? मिलिंद आजोबांचा सारा जन्म द्रवांच्या दाबावर संशोधन करण्यात गेलेला, पण या कोड्यापुढे त्यांनी हात टेकले होते. हात टेकणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता, त्यामुळे सकाळपासून घरात सगळे जपून बोलत होते.

खालच्या मोठ्या रस्त्यांवर आता गाड्या आपल्या आपण धावत. कुंभवलीचा घाट मात्र त्यांच्या नकाशात 'धोकादायक' ठरला होता, म्हणून त्या वर येतच नसत. वाडीला खाली नेणारी एकच गाडी होती, ती म्हणजे आजोबांची हाताने चालवायची जीप. काल नात इरा शेजारी बसलेली असताना भर वळणावर ब्रेक कसाबसा लागला. घरी येऊन आजोबांनी किल्ली खिशात घातली ती घातलीच.

"आजोबा, ब्रेकला तेल कशाला लागतं?" इराने विचारलं. "सायकलसारखी तार नाही चालणार?"

"चार चाकं एकदम आवळायची असतात, बाळा. बंद नळीतला द्रव दाबला तर चेपत नाही. एका टोकाला दिलेला दाब तो सगळीकडे सारखा पोचवतो. आपला पाय मुख्य सिलिंडरमधला (पायाजवळची तेलाची नळी) दट्ट्या ढकलतो. तोच दाब चाकापाशी जातो, तिथले लायनर (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला टेकतात आणि चाक थांबतं."

"आणि नळी गळली तर?"

"तर दाब तिथूनच पळतो. पण मग डबा रिकामा व्हायला हवा ना! डबा भरलेला, म्हणजे तेल बाहेर जात नाही. मुख्य सिलिंडरच्या आतच रबरावरून मागे सरकतंय. म्हणून मी तिथली रबरं बदलली. तरी ब्रेक खाली बसतोच आहे!"

घरकाम करणारा यंत्रमानव हरकाम्या अंगण झाडत होता. तो रोजच्यासारखाच गोड आवाजात म्हणाला, "डबा भरलेला आहे, आजोबा. सगळं ठीक आहे."

इरा त्याच्याकडे वळली. "हरकाम्या, डबा भरतं कोण?"

"मी. रोज सकाळी. तेल रोज कमी होतं."

"मग आजोबांना सांगितलं का नाहीस?"

"निनाददादांची सूचना आहे. आजोबांना त्रास होईल असं काही सांगायचं नाही. तुला सांगू नये, अशी सूचना नाही."

निनाद, म्हणजे इराचा मामा, चहा घेऊन येत होता. तो दारातच थबकला. "अप्पा, तुमच्या काळजीपोटीच..."

"तुझ्या आईच्या वेळीही काळजीच होती," आजोबा म्हणाले. "तिचा रिपोर्ट मी पाहिला तो ती गेल्यावर."

आपल्याकडे याला प्रेम म्हणतात. घरभर कुजबुज चालते, आणि ज्याच्यावर बेतलेलं असतं त्याला "काही नाही हो" म्हणून गप्प बसवतात. इराला मामाचा फार राग आला.

आजोबांनी चहाला हात लावला नाही. जीप जॅकवर चढवून ते एकेक चाक उतरवू लागले. मागचा डावा ड्रम ओढला तर आत काळा चिखल! चाकापाशी व्हील सिलिंडर (लायनर ढकलणारी छोटी नळी) असतो, त्याचं रबर चिरलं होतं. तेल ड्रममध्येच साचत होतं आणि टायरच्या आतल्या बाजूच्या धुळीत जिरत होतं, म्हणून जमीन कोरडी. त्यांनी रबर बदललं, आणि तेलात भिजलेले लायनर टाकून दोन्ही मागच्या चाकांना नवे बसवले.

"झालं?" इराने विचारलं.

"नाही. नळीत हवा शिरली आहे. हवा चेपते, म्हणजे आपला जोर तिलाच चेपण्यात वाया जाणार. ती काढायची तर ब्रेकवर दुसरं कुणीतरी हवं."

दुसरं कोण होतं? मामा मुकाट्याने जीपमध्ये बसला.

"दाब. धर." आजोबांनी चाकामागचा छोटा बोल्ट सैल केला. त्याला लावलेल्या बारीक नळीतून इराने धरलेल्या बाटलीत बुडबुडे आले. बोल्ट आवळल्यावरच ते म्हणाले, "सोड." बुडबुडे थांबेपर्यंत बापलेकांत याखेरीज एक शब्द झाला नाही.

आता ब्रेक दगडासारखा घट्ट लागला. आजोबांनी अंगणात जीप फिरवून पाहिली. मामाने सुटकेचा निःश्वास टाकला, पण इराच्या मनातून हरकाम्याला दिलेली ती सूचना जाईना.

"हरकाम्या, आजोबांना आणखी काय सांगायचं नाही असं ठरलंय?"

"इरा!" मामा ओरडला.

"आजोबांच्या हृदयाचा रिपोर्ट," हरकाम्या म्हणाला. "एक झडप (रक्ताला मागे न जाऊ देणारा पडदा) नीट मिटत नाही. डॉक्टरांनी लगेच बोलावलं होतं. दिवाळी होऊ दे, म्हणून निनाददादांनी तारीख पुढे ढकलली."

आजोबांनी फडक्याने हात पुसले.

"झडप दुरुस्त होते?" त्यांनी हरकाम्याला विचारलं.

"हो. हल्ली छाती न उघडताही होते. लवकर गेल्यास."

"लवकर," आजोबा म्हणाले. त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला आणि आजचीच वेळ मागून घेतली. मग किल्ली मामापुढे धरली. "तू चालव."

"अप्पा, मी..."

"खाली पोचेपर्यंत बोलू नकोस. मला फार राग आलाय. तिथे डॉक्टर जे सांगतील ते माझ्या तोंडावर सांगतील. इरा, तू माझ्याजवळ बस."

पहिल्या वळणावर मामाने ब्रेक दाबला आणि जीप जागच्या जागी थांबली. मामा रडत होता. आजोबांनी ते पाहिलं आणि मान दरीकडे वळवली. थोड्या वेळाने, अजूनही बाहेरच बघत, ते म्हणाले, "डोळे पूस आधी. रस्ता दिसू दे."