बाऽऽडो

ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. जूनमध्ये उसांबाराच्या डोंगरात धुकं असं दाट उतरायचं, की चहाच्या कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा, पण कारखाना दिसायचा नाही. त्याच धुक्यात एका सकाळी नामसिफू कम्प्युटरचं खोकं पोटाशी धरून ट्रकमधून उतरली, आणि उतरली ती थेट एका माणसावर आदळली.

"अहो, सांभाळून! आत काय, अंडी आहेत की काय?"

"कम्प्युटर आहे."

"मग अंडीच बरी होती. फुटली तर निदान खाता येतात."

नामसिफूला हसू आलं. खोक्याच्या पलीकडे तिला आधी एक लोकरी टोपी दिसली, मग दोन मिश्कील डोळे आणि त्यांच्यामध्ये एक भलंमोठं, ऐटदार नाक. हा हिझा. आणि त्या नाकासाठीच तर ती दार-एस-सलामच्या विद्यापीठातून इथवर आली होती!

कापलेला हिरवा पाला ताटांवर पसरून ठेवायचा, म्हणजे तो हळूहळू तांबूस होतो. त्याचा गवतासारखा कच्चा वास जातो आणि पिकल्या पेअरसारखा गोड वास येतो. त्या क्षणी पाला गरम भट्टीत गेला पाहिजे. लवकर गेला तर चहा तुरट, उशीर झाला तर बेचव. तो क्षण सबंध कारखान्यात फक्त हिझाला कळायचा. मागल्या वर्षी त्याला मलेरिया झाला, तेव्हा महिनाभराचा चहा वाया गेला होता. म्हणून तिच्या प्रोफेसर मसावेंनी नामसिफूला पाठवलं होतं... हिझाच्या नाकातलं शहाणपण यंत्राला शिकवायला. मुदत सहा आठवड्यांची. यंत्राला पाल्याचा वास मोजणारं एक मीटर जोडलेलं होतं, पण कुठला आकडा म्हणजे किती वेळ बाकी, ते हिझाकडूनच शिकायचं होतं.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाला निवडणाऱ्या बायकांनी तिला, प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटासकट, आपल्यात बसवून घेतलं. त्यांची पुढारी सिकुजुआ मावशी. तिच्या नावाचा अर्थ 'मला माहीत नव्हतं', पण तिला माहीत नाही असं त्या डोंगरात काही नव्हतं. उगालीचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गोळा बोटांनी वळत तिनं विचारलं, "काय गं पोरी, लग्न झालं का?"

नामसिफूच्या डोक्यात वायरी घोळत होत्या. सहा महिने ती 'हो' आणि 'नाही' एवढंच कळणाऱ्या यंत्राशी बोलत आली होती. ती पटकन म्हणाली, "नाही."

मावशीचा घास हातातच राहिला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नामसिफूच्या ते लक्षातही आलं नाही. ती वाटाण्याची उसळ वाढून घेत होती.

दुसऱ्या दिवशी हिझानं तिला पाहताच डोक्यावरची टोपी काढली.

"सुप्रभात, सिस्टर."

सिस्टर? काल तर अंड्यांवरून चेष्टा चालली होती! नामसिफू गोंधळली. बरं, बहीण मानली म्हणावं तर रोज सकाळी तिच्या टेबलावर एक पिकलं आलुबुखार असायचं, आणि ते कोण ठेवतं हे सगळ्यांना माहीत होतं. वायर सोडवताना बोटं बोटांना लागली, की तो चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचा. ती पाठमोरी असली की मात्र बघत राहायचा. हे तिला मीटरच्या काचेत दिसायचं.

बहिणीकडे असं बघतं का कुणी?

कामही असंच अडलेलं. ती विचारायची, "पाला तयार?" तो ताटावर वाकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बाडो." म्हणजे अजून नाही. पाच मिनिटांनी पुन्हा, "बाडो." तिच्या यंत्राला 'हो' आणि 'नाही'च्या मधलं काही कळायचं नाही; अजून किती वेळ, ते आकड्यात सांगावं लागायचं.

"बाडो म्हणजे नक्की किती हो?"

"बाडो म्हणजे बाडो, सिस्टर. त्यात किती काय?"

"तुम्ही मला वेड लावणार."

"मी?" तो कानापर्यंत लाजला आणि ताटावर वाकला. "मी तर पाल्याबद्दल बोलतोय..."

चौथ्या आठवड्यात ती टेपरेकॉर्डरवर त्याचा आवाज पुन्हा ऐकत बसली होती. कामासाठीच... निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं होतं. ऐकता ऐकता ती एकदम ताठ बसली. त्याचे बाडो सारखे नव्हते! पाला अगदी कच्चा असला की "बाऽऽऽडो" असा डोंगर उतरून यायचा. अर्धा झाला की "बाऽडो". आणि दोनच मिनिटं उरली की तुटक, झटक्यात, "बाडो!" तिनं घड्याळ लावून सगळे मोजले. शब्द जितका लांब, तितका वेळ बाकी. मीटरच्या प्रत्येक आकड्यासमोर तिनं तीच लांबी यंत्राला शिकवली.

"म्हणजे तुम्ही माझं नाक सोडून जीभ मोजलीत?" हिझा खो-खो हसला. "आणखी काय काय मोजलंत?"

'तू मला पाठमोरी किती वेळ बघतोस तेही,' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो टोपी काढून म्हणाला, "शाबास, सिस्टर," आणि सगळं विझलं.

शेवटचा शुक्रवार आला. दुपारच्या ट्रकनं ती जाणार होती. यंत्राच्या यशाची तिला काळजी उरली नव्हती. हा माणूस आपल्याला खरंच बहीण मानतो का, हे न कळताच ट्रकमध्ये बसावं लागलं, तर जन्मभर डोक्यात धुकं राहील, एवढीच भीती होती.

पहिल्या ताटाला हिझाच्या तोंडून "तयार!" निघालं आणि त्याच क्षणी यंत्राची घंटी वाजली. बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या. हिझानं दोन्ही हात पुढे केले, तिचे हात धरायला. आणि मध्येच थांबून ते छातीशी नेले.

"देव तुमचं भलं करो, सिस्टर. आमच्यासाठीही प्रार्थना करत जा."

आता मात्र नामसिफूचा तोल सुटला. "मी तुमची बहीण नाही! कळलं?"

"बहीण? बहीण कोण म्हणालं?"

"मग सिस्टर, सिस्टर काय लावलंय दीड महिना?"

"तुम्ही... मठात जाणार ना? नन व्हायला?"

"कुठल्या मठात!"

हिझा सिकुजुआ मावशीकडे वळला. मावशी छताकडे बघू लागली.

"हिनंच सांगितलं मला," मावशी शेवटी पुटपुटली. "लग्न झालं का विचारलं, तर सरळ 'नाही' म्हणाली. अगं, आपल्यात कुणी पोरगी 'नाही' म्हणते का? सत्तरीची म्हातारीसुद्धा 'बाडो' म्हणते! 'नाही' म्हणजे कधीच नाही. त्यात हिचा तो पांढरा कोट. मला वाटलं, व्रतच घेतलंय."

नामसिफूनं कपाळावर हात मारला. लहानपणापासून हजारदा ऐकलेला शब्द, दीड महिना मोजलेला शब्द, आणि नेमक्या वेळी तोंडातून निघालाच नाही!

हिझानं टोपी परत डोक्यावर घातली. पहिल्या दिवसासारखी, जरा तिरकी. त्याचे डोळे पुन्हा मिश्कील झाले.

"मग मी नव्यानं विचारतो... लग्न झालं का तुमचं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सगळ्या बायका पाला सोडून पुढे सरकल्या.

"बाडो!" ती म्हणाली. तुटक. झटक्यात.

हिझानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दोनच मिनिटं?"

"तुमच्याच हिशोबानं."

मागे यंत्राची घंटी पुन्हा वाजत होती. किती वेळ वाजत होती कुणास ठाऊक. दुसरं ताट तयार होऊन गेलं होतं, पण घंटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं; ते ऐटदार नाकही भलतीकडेच गुंतलं होतं. त्या ताटाचा चहा अगदी बेचव झाला. मावशीनं तो पुडी बांधून घरी नेला आणि त्यांच्या लग्नात सगळ्यांना पाजला.

ते लग्न मात्र दोन मिनिटांत नाही, दोन वर्षांनी झालं, कारण नामसिफूचा प्रबंध संपता संपेना. यंत्र अकरा वर्षं चाललं, मग त्याचे सुटे भाग मिळेनात. प्रोफेसर मसावे निवृत्त होऊन मोशीला मधमाश्या पाळू लागले. सिकुजुआ मावशी पुढे चांगली नव्वदीपर्यंत जगली, आणि मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली, "मला तर पहिल्यापासून माहीत होतं."

नामसिफूनं विद्यापीठात पंचवीस वर्षं शिकवलं. हिझा तिच्याबरोबर दार-एस-सलामला, समुद्राकाठी आला, आणि कुणाच्याही घरी चहा आला की आधी वास घेऊन यजमानाला लाजवत राहिला. चार वर्षांपूर्वी तो गेला.

आता ती डोंगरात परत आली आहे. सकाळी धुक्यात भोंगा वाजतो, ती दोन कप काढते, मग एक परत ठेवते. शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय बाई, झाली का सवय एकटीची?"

नामसिफू कारखान्याच्या दिशेनं बघते.

"बाऽऽऽऽडो," ती म्हणते.