उलटप्रश्न

"इंग्रजी ही भाषा नव्हेच, धर्मशाळा आहे," डॉ. शलाका टिपणीस चिडून म्हणाली. "एकेका शब्दात चार-चार अर्थ येऊन राहतात, आणि कुणाला हाक मारली तर कोण ओ देईल याचा पत्ता नाही!"

नाशिकजवळच्या चांद्र नियंत्रण केंद्रात ती केंद्रप्रमुख भार्गव देवस्थळींच्या समोर बसली होती. चंद्रावरच्या खाणीतली सगळी यंत्रं तोंडी हुकमावर चालत. खाणीत नऊ देशांची माणसं, म्हणून हुकूम इंग्रजीतच द्यायचा असा नियम होता. त्या इंग्रजीतून नेमका अर्थ काढणारा 'अर्थनिश्चायक' शलाकाने बनवला होता.

"सर, साधा 'लेफ्ट' घ्या. डावा, हा एक अर्थ. निघून गेला, हा दुसरा. आणि उरला, हा तिसरा. गेला आणि उरला, दोन्ही एकाच शब्दात! अर्थनिश्चायक काय करतो, तर त्या जागेवरची माणसं तो शब्द बहुतेक वेळा ज्या अर्थाने बोलतात, तो अर्थ धरतो. पण शंका आली की थांबून विचारतो, 'लेफ्ट म्हणजे काय?' हा उलटप्रश्न तुम्ही काढून टाकायला सांगताय."

"सांगत नाहीये. काढलाय," देवस्थळी म्हणाले. "अहो, माणसं वैतागली होती. 'रन द पंप' म्हटलं की हा विचारणार, रन म्हणजे काय! पंपाला काय धावायला न्यायचंय? काम खोळंबतं हो."

"आणि चुकला तर?"

"शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर असतो, हे तुम्हीच लिहून दिलंयत ना? मग झालं तर."

झालं तर! शंभराव्या वेळी समोर कोण असेल, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. शलाका भांडली, वर तक्रार केली, पुन्हा भांडली. उलटप्रश्न काही परत आला नाही.

तिचा धाकटा भाऊ निषाद त्याच खाणीत बोगदा-अभियंता होता. ही बातमी त्याला कळली तेव्हा तो फोनवर खदाखदा हसला. "बरं झालं, ताई! तुझं यंत्र आईपेक्षा जास्त चौकशा करायचं. कुठे गेलास, म्हणजे काय, नीट सांग. इथे चंद्रावर येऊनसुद्धा सुटका नाही म्हणजे काय!"

महिन्याभराने बोगद्यात आग लागली.

आत सहा जण होते. तिघे बाहेर पळाले आणि पळता पळता तसं यंत्राला सांगूनही गेले. धुराने कॅमेरे आंधळे झाले. आता यंत्राला आधार उरला तो फक्त कानावर पडणाऱ्या शब्दांचा. मागे अडकलेल्या निषादने खोकत खोकत, जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं, "थ्री लेफ्ट! थ्री लेफ्ट!" आम्ही तिघे अजून आत आहोत, असं तो सांगत होता.

खाणीत 'लेफ्ट' हा शब्द रोज ऐकू येई, तो पाळी संपवून निघालेल्या माणसांबद्दल. अर्थनिश्चायकाने तोच अर्थ धरला. आधीचे तीन गेले, हेही तीन गेले, म्हणजे बोगदा रिकामा. रिकाम्या बोगद्यातली आग विझवायचा सोपा उपाय म्हणजे आतली हवा बाहेर सोडून देणं. झडपा उघडल्या आणि आग विझली.

शलाकाने ते ध्वनिमुद्रण केंद्रात बसून ऐकलं. भावाचा आवाज अर्ध्यात तुटला. ती उठली आणि तशीच देवस्थळींच्या खोलीत शिरली.

"बसा, टिपणीस बाई," ते खाली बघत म्हणाले. "फार वाईट झालं. पण यंत्राने नियमाबाहेर काही केलेलं नाही. दुर्दैव, दुसरं काय."

"दुर्दैव? त्याने एकदा विचारलं असतं ना सर, तर माझा भाऊ जिवंत असता! तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत."

देवस्थळींनी घरी पाठवलेल्या निरोपाची प्रत पुढे सरकवली. "घरच्यांना मी स्वतः कळवलंय. जरा सौम्य शब्दांत. 'निषाद हॅज लेफ्ट अस', असं लिहिलं. 'डाइड' लिहवेना हो. ज्याला त्याला आपापल्या भाषेत आपोआप जातं ते."

"आपोआप म्हणजे? अर्थनिश्चायकातूनच ना?"

त्यांनी मान डोलावली. शलाका धावतच बाहेर आली आणि तिने मिरजेला फोन लावला.

आईने लगेच उचलला. "शलू! अगं, निरोप आला बघ तुमच्या केंद्रातून! 'निषाद आमच्याकडून निघाला आहे', असं लिहिलंय. मेला! मला एका शब्दाने बोलला नाही. दारात येऊन उभा राहणार होता वाटतं अचानक. मी लगेच भाजणी दळायला टाकली. आल्या आल्या थालीपीठ लागतं ना त्याला."

"आई, ऐक ना. निषाद... निषाद गेला गं."

"गेला? कुठे गेला? आत्ता तर निघाला म्हणतायत. परत दुसरीकडे धाडला की काय त्याला?"

शलाकाला हुंदका फुटला. पलीकडे आईने तो ऐकला. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "शलू, गेला म्हणजे काय? नीट सांग मला."

जन्मभर इंग्रजीला नावं ठेवणाऱ्या शलाकाकडे आता एकच शब्द उरला होता. आणि तोही आईने आत्ताच, लाडाने, उच्चारून टाकला होता.

"मेला, आई," ती म्हणाली.