उघडी राहिलेली ओळ

जवळ सरकून बसा पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या आतेभावाच्या बाबतीत घडलंय.

तो एका छोट्या इंटरनेट कंपनीत कामाला. ग्राहकाने लॉगिन केलं की तिथल्या डेटाबेसमध्ये एक ओळ उघडते, त्यात इंटरनेट किती वापरलं ते मोजलं जातं, आणि तो बाहेर पडला की ती मिटते, म्हणजे बंद होते. रोजच्या हजारो ओळी. दर महिन्याला उघड्या राहिलेल्या मिटवून जुन्या सगळ्या आपोआप पुसल्या जायच्या. ते त्याने वर्षापूर्वी गुपचूप बंद करून ठेवलं होतं.

त्याची लेक गेली होती ना तेव्हा. साधं तापाचं निमित्त झालं. रात्री तिला दवाखान्यात हलवताना घरातली वीज गेली, आणि तिच्या लॉगिनची ओळ उघडीच राहिली. ती मिटवायला बापाचा हात धजेना.

डेटाबेस फुगत गेला. शेवटी लोकांचं लॉगिनच होईना. मालक म्हणाले, "आज रात्रीत साफ कर बाबा, नाहीतर गिऱ्हाईक आपल्याला साफ करेल."

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. रात्रीचा एक वाजून गेलेला. ऑफिसात हा एकटाच. लाखो ओळी गेल्या. तिची तेवढी उरली. याचं बोट बटणापाशी गेलं... आणि तिच्या ओळीतला वापराचा आकडा हलला.

वर्षभर थिजलेला आकडा. वाढला. परत वाढला.

त्याने बायकोला फोन लावला. "अगं, तिच्या खोलीत कोण आहे?"

"मीच बसलेय. झोप येईना."

"तिचा कॉम्प्युटर चालू आहे?"

"तो आपण कधीच देऊन टाकला ना हो."

 

मग ती हळूच म्हणाली, "अहो... गादी गरम लागतेय. तिला ताप असायचा ना, तशी..."

आकडा वाढतच होता.

त्याने फोन बाजूला ठेवला. पडद्याकडे बघत, ती असताना रोज म्हणायचा तसं म्हणाला, "बाळा, खूप रात्र झाली. झोप आता. आम्ही आहोत इथे."

आकडा थांबला.

ओळ मिटली.

त्याचं बोट बटणाला लागलंच नव्हतं.

ती ओळ त्याने अजून पुसलेली नाही. मी स्वतः पाहिलीय. मिटलेल्या प्रत्येक ओळीपुढे कारण येतं. वेळ संपली. लाइन तुटली. ऑफिसने बंद केली. हिच्या ओळीपुढे होतं...

'वापरणाऱ्याने स्वतः बंद केलं.'