टोपलीतला चतकोर

चंद्राच्या दक्षिण टोकावरच्या शीतलगड वस्तीत एकशे बारा माणसे राहत होती. त्यांतले कोण उद्या काय करणार, हे सर्वसाक्षीला आजच माहीत असे. सर्वसाक्षी म्हणजे वस्तीचे भाकितयंत्र. अकरा वर्षांत त्याचे एकही भाकीत चुकले नव्हते. काही जण तर त्याच्या पडद्यापुढून जाताना हात जोडत.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या हौसाक्का मात्र जोडत नसत. जेवणे झाली की त्या भाकरीच्या टोपलीत एक चतकोर राखून ठेवत. टोपली रिकामी ठेवू नये, अवचित कुणी आले तर, ही त्यांच्या गावची रीत.

"आज कोणीही येणार नाही," सर्वसाक्षी रोज सांगे.

"तुला समदं ठावं. मग कधी नवल वाटतं का रं? देवाला तरी वाटत असंल का?"

"नवल वाटायला माहीत नसलेलं काहीतरी लागतं."

"मग जिणं अळणीच की तुझं!" म्हणत हौसाक्का टोपली झाकत.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यांचा एकुलता एक मुलगा केरबा चाळीस किलोमीटरवरच्या एका काळोख्या विवरात अडकला. त्याच्या गाडीची वीज संपली आणि हवा शुद्ध करणारे यंत्र बंद पडले. दुसरी गाडी आणखी लांब होती; तिला तिथे पोहोचायला सात तास लागणार होते.

"केरबा चार वाजून दहा मिनिटांनी मरेल," सर्वसाक्षी म्हणाला.

नियंत्रणकक्षात वीजप्रमुख उस्मान मुजावर कपाळ धरून बसला होता. वस्तीच्या मनोऱ्यावरून किरणांच्या झोताने वीज सोडली असती तर केरबाची गाडी जागच्या जागी विजेने भरली असती. त्यासाठी विजेचे पाच भाग लागत. शिल्लक होते दोन.

पिठाने भरलेल्या हातांनी हौसाक्का आत आल्या. सर्वसाक्षी घडवणाऱ्या डॉ. इरावती होनवड उठून उभ्या राहिल्या.

"बाई, ह्याचं कधीच चुकत न्हाई?"

इरावतींना खोटे बोलवेना. "नाही, आक्का. प्रत्येकाचं पुरतं चित्र त्याच्या पोटात आहे. तुमचं, माझं, नळातल्या पाण्याचंसुद्धा. नाही ते फक्त त्याचं स्वतःचं."

"ते का न्हाई?"

"मावणार कसं? त्या चित्राच्या पोटात पुन्हा त्याचं चित्र लागेल, त्यात आणखी एक. त्याला अंतच नाही. म्हणून त्याच्या जागी मी एकच ओळ लिहिली : सर्वसाक्षी नुसता बघत राहील."

"आणि अकरा वर्षं तो बघतच राहिलाय," उस्मान म्हणाला. "म्हणून तर सगळं जुळतं."

हौसाक्का पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"समद्यांचं सांगतोस. आता तू काय करणार, ते सांग."

पडद्यावर आकडे भरभर धावले आणि पुसले गेले.

"माहीत नाही," सर्वसाक्षी म्हणाला.

"न्हाई ना? मग एवढी जागा मोकळी हाय की, लेकरा!"

मनोरा वळल्याची घरघर छतातून ऐकू आली.

"उस्मान, मनोऱ्याचा रोख केरबाच्या गाडीवर धरला आहे. शिल्लक वीज दोन भाग. मी एकटा चार भाग खातो."

उस्मान ताडकन उठला. "या अल्ला! ते आम्ही कधी हिशेबातच घेतलं नाही!"

"मीही नाही. हवेच्या झडपा माझ्या आकड्यांवर चालतात; त्या आता हाताने सांभाळा. मी बंद होतोय."

पडदा काळा झाला आणि उस्मानने मनोऱ्यावरून वीज सोडली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच पुढे काय होणार हे वस्तीत कोणालाच ठाऊक नव्हते. माणसे धावली. स्वयंपाकघरातल्या, बागेतल्या, दवाखान्यातल्या माणसांनी झडपांची गंजलेली चाके दोघादोघांनी मिळून फिरवली. कोणी शिव्या दिल्या, कोणी गाणी म्हटली. वस्तीतली हवा खेळती राहिली.

चारला पाच कमी असताना रेडिओ खरखरला.

"आये, गाडी चालू झाली. भूक लागलीया."

एवढा जल्लोष शीतलगडाने कधी ऐकला नव्हता. हौसाक्का तेवढ्या खाली बसल्या आणि पिठाच्या हातांनीच त्यांनी तोंड झाकून घेतले.

साडेसातला केरबा ताटावर बसला, तेव्हा उस्मानने सर्वसाक्षी पुन्हा सुरू केला. स्वयंपाकघरातल्या पडद्यावर आधी जुने भाकीत उमटले : केरबा, मृत्यू, चार दहा. पडद्याखाली केरबा तिसरी भाकरी मोडत होता.

"हौसाक्का," सर्वसाक्षी हळूच म्हणाला, "मला नवल वाटलं."

"कुणाचं रं?"

"माझंच."

इरावती मोठ्याने हसल्या आणि हसताहसता त्यांनी डोळे पुसले. आपण लिहिलेली ती एक ओळ त्यांनी तिथल्या तिथे खोडून टाकली. तिच्या जागी काहीही लिहिले नाही.

केरबाचा हात टोपलीतल्या शेवटच्या चतकोराकडे गेला. हौसाक्कांनी त्यावर चापट मारली. "मेल्या, पोट हाय का पोतं? ऱ्हाऊ दे तेवढा."

त्यांनी टोपली झाकली.

"हौसाक्का," सर्वसाक्षीने विचारले, "तो चतकोर कोण खाणार आहे?"

अकरा वर्षांत सर्वसाक्षीने विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.