संध्याकाळचा उतारू

चोपन्न सालचा मार्गशीर्ष. मुंबईहून येणारी बोट रत्नागिरीला संध्याकाळी लागायची. त्या दिवशी वाटेत तिचं मशीन बिघडलं आणि बंदराबाहेर ती नांगर टाकून उभी राहिली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. आम्ही पडावातून धक्क्यावर उतरलो. ज्यांची घरं गावातच होती ते कंदील घेऊन आलेल्या माणसांबरोबर निघून गेले. लांब जाणारे सकाळच्या एस.टी.ची वाट बघत धक्क्यावरच घोंगड्या पसरून आडवे झाले.

मला थांबून चालणार नव्हतं. शेजारच्या चिमाकाकीनं कोणाकडून तरी कार्ड लिहून पाठवलं होतं : आईचं तोंड बघायचं असेल तर असशील तसा निघ. मी सहा वर्षांत गावी गेलो नव्हतो. गोदीतलं काम सुटत नव्हतं, हे खरं. पण सहा वर्षांत एकदाही सुटलं नाही, हे काही खरं नव्हतं. घरात आई एकटी होती. दर शिमग्याला येतो म्हणून कळवायचो, आणि ती दर शिमग्याला ओटी सारवून वाट बघायची. हे मला नंतर कळलं.

धक्क्याच्या टोकाला भाड्याची एकच मोटार उभी होती. जुनी, काळी, कापडी टपाची. ड्रायव्हर मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपला होता. त्याला उठवलं आणि बावनदीच्या पलीकडे जायचं आहे, आई आजारी आहे, म्हणून सांगितलं. त्यानं कंदील वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा मुसलमान होता. नाव गुलाम रसूल.

"परत कशानं आलात?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, परत नाही, आत्ताच बोटीतून उतरतोय. खाली उतरून त्यानं हँडल मारलं. गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. मला वाटलं, झोपेत चुकला असेल.

गाव मागे पडलं तसा खाऱ्या वाऱ्याचा वास गेला आणि सुक्या गवताचा, कातळावरच्या थंडीचा वास यायला लागला. गाडीचा एकच दिवा चालू होता. त्याच्या उजेडात तांबडा रस्ता पुढे पुढे सरकत होता आणि दोन्ही बाजूंना नुसता काळोख. हातखंब्याला एकाही घरात दिवा नव्हता. मी दोन-तीनदा बोलायला सुरुवात केली. आईबद्दल सांगितलं, कार्डाबद्दल सांगितलं. तो मान हलवायचा. एकदा फक्त म्हणाला, "ठाऊक हाय." मला वाटलं, ऐकतोय एवढंच सांगायचं असेल.

निवळीचा घाट उतरलो, बावनदीचा पूल ओलांडला. तिथून आमच्या वाडीची पायवाट फुटते ती जागा दिवसासुद्धा नवख्याला सापडत नाही. एक करवंदीची जाळी आणि तिच्यामागे दगडी पायऱ्या, एवढीच खूण. मी खिडकीतून डोकं काढून अंदाज घेत होतो. आता थांबा म्हणणार, तेवढ्यात गाडी थांबली. बरोबर जाळीपाशी.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

त्यानं इंजिन बंद केलं नाही. चाकावरचे हातही काढले नाहीत.

"सांजच्याला हितंच सोडलं तुमाला," तो म्हणाला. "हाच सदरा, हीच वळकटी... आई आजारी हाय म्हणालात. बोट तवा लागली नव्हती. मी मनात म्हटलं, बोट न्हाय तर हा उतारू आला कुठनं..."

मला हसू आणायचं होतं, पण आलं नाही. तो पुढे हळूच म्हणाला, "उजाडेपर्यंत गाडीत बसा. मी थांबतो. आत्ता नका जाऊ."

आई वर होती. मी वळकटी घेतली आणि पायऱ्या चढायला लागलो. वर पोचेपर्यंत खाली गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. तो थांबला होता. मग तो आवाजही झाडीत बुडाला.

आमचं घर वाडीच्या टोकाला. पडवीत बारीक कंदील होता आणि चिमाकाकी भिंतीला टेकून पेंगत होती. पावलं ऐकून तिनं डोळे उघडले. घाबरली नाही, सहा वर्षांनी दिसलेल्या माणसाला बघतात तसं बघितलंही नाही.

"भायेर कवा गेलास रे?" ती म्हणाली. "आत्ता तर पेज भरवीत होतास तिला."

मी वळकटी तिथंच टाकली आणि माजघरात गेलो. आई घोंगडीवर पडली होती, इतकीशी झालेली. उशाशी काशाच्या वाटीत पेज होती, अर्धी संपलेली. मी वाटीला हात लावला. गरम होती.

मी खाली बसलो आणि तिचा हात हातात घेतला. "आये, मी काशीराम," म्हटलं.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. नजर साफ होती, भ्रमाची नव्हती. वाट चुकून दारात आलेल्या माणसाकडे बघावं तशी ती माझ्याकडे मायेनं बघत राहिली. मग तिनं हळूच आपला हात सोडवून घेतला.

"पाव्हण्या, थितं नको बसू," ती म्हणाली. "थितं माजा काशा बसतो. पान्याला गेलाय हिरीवर... येल आता."

मी उठलो. काय बोलणार होतो? सहा वर्षं मी तरी तिला काय सांगितलं होतं? पडवीत येऊन खांबाला टेकून बसलो. काकी पुन्हा पेंगली होती.

थोड्या वेळानं घरामागे विहिरीचा रहाट वाजला. सावकाश कुरकुरत फिरत राहिला. मग परसाकडचं दार, मग कळशी खाली ठेवल्याचा आवाज. आणि मग माजघरातून बोलणं ऐकू यायला लागलं. आई बोलत होती, आणि मध्ये मध्ये एक पुरुषाचा आवाज तिला उत्तर देत होता. तो माझा आवाज होता. मी लहानपणी गोवर येऊन पडलो होतो तेव्हाच्या गोष्टी तो सांगत होता, बाबांनी आणलेल्या गाईच्या पाड्याचं नाव सांगत होता... मला ते नाव आठवत नव्हतं. आई हसली. मुंबईच्या खोलीत कितीदा ते हसू आठवायचा प्रयत्न केला होता.

आत का गेलो नाही, असं लोक विचारतात. भीती वाटलीच. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. आत जाऊन मी कोण म्हणून सांगणार होतो?

पहाटे बोलणं थांबलं. झुंजुमुंजू झाल्यावर मी आणि काकी आत गेलो. आई गेली होती. डोळे कोणीतरी मिटवले होते, ओठांवर तुळशीचं पान होतं, हातपाय सरळ केलेले होते. माजघरात दुसरं कोणी नव्हतं. परसाकडच्या दाराला आतून कडी होती.

काकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वेळेवर आलास बाबा," ती म्हणाली. "शेवटचं पाणी तुज्या हातनं मिळालं तिला."

आईला अग्नी दिला तेव्हा मडकं माझ्याच खांद्यावर होतं. वाडीतल्या कोणाला काही वेगळं दिसलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही. रात्री पडवीत झोपायचो, माजघरात पाय ठेवायचा धीर होत नव्हता.

दहाव्या दिवशी पिंड द्यायला नदीवर गेलो. भावकीतली माणसं मागून येत होती, मी परात घेऊन पुढे झालो. धुकं नुकतंच उठत होतं. नदीकाठच्या सपाट कातळावर पोचलो आणि थांबलो.

कातळावर दर्भ अंथरला होता. त्यावर भाताचा पिंड, वर काळे तीळ. शेजारी कातळाचा तुकडा ओला होता, नुकतंच कोणी आंघोळ करून तिथं बसून उठावं तसा. कडेनं पाण्याचे ओघळ अजून खाली उतरत होते.

आणि पिंडाला कावळा शिवला होता. निवांत खात होता, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

माझा पिंड अजून माझ्या हातातल्या परातीत होता.